साडेअकरा किलोचा घड

जावयाने प्लॅस्टिकचा हत्ती आणला तेव्हा मी तो आधी उलटा करून पाहिला. वस्तूची लायकी नेहमी खालून बघावी. वरून रंग दिसतो, खालून बनवणाऱ्याची अक्कल दिसते. हत्ती निळा होता, त्याच्या पाठीला भोक होतं, भोकाखाली लाल भांडं आणि लेकराने धरायला दोन कान. खालून बघितलं तर चारही पाय आत ओढलेले. धड रुंद, बूड अरुंद.

"कोणत्या गाढवानं बनवला हा?" मी विचारलं.

"आमच्याच कंपनीचं डिझाईन आहे, आबा," भाईदास म्हणाला. "लहान मुलांना संडासची सवय लावायला. मुंबईला फार खपतो."

भाईदास डिप्लोमा झालेला, जळगावला एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात नकाशे काढायला. त्याच्या खिशाला तीन पेनं असतात. ज्याच्या खिशाला तीन पेनं, त्याच्या हातात मी रंधा देणार नाही. पण जावई पडला, म्हणून मी नुसता हसलो. माझं हसणं घरात सगळ्यांना कळतं.

मी देवचंद मिस्त्री. रावेरच्या बुद्धविहाराचा दरवाजा माझ्या हातचा आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाला माझा पहिला नंबर होता, आणि रावेरमध्ये मी बसवलेलं एकही दार पावसाळ्यात अडकत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बाकीच्यांची दारं अडकतात, एवढंच सांगतो.

गोष्ट एकोणनव्वदच्या उन्हाळ्यातली. माझी मुलगी सुनंदा रावेरच्याच दवाखान्यात नर्स होती आणि आमच्याकडेच राहायची. तिची मुलगी सुजी, अडीच वर्षांची. एप्रिलमध्ये सुनंदाची बदली आली, साक्रीच्याही पलीकडे डोंगरातल्या एका उपकेंद्रावर. एक जूनला हजर व्हायचं. सुजी आईबरोबर जाणार, यात प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो सुजीच्या शीचा.

हसू नका. मी हसलो होतो.

झालं असं की मार्चमध्ये सुजीचा पाय आमच्या संडासच्या भांड्यात घसरला. गुडघ्यापर्यंत आत. बाहेर काढली, धुतली, पण तेव्हापासून पोरीने धसकाच घेतला. संडासचं दार दिसलं की किंचाळायची. दोन दोन, तीन तीन दिवस दाबून धरायची. मग खडे व्हायचे, मग रक्त, मग ताप. फक्त एका जागी ती बसायची, ती म्हणजे आजीच्या पायांवर. लिलाबाई, म्हणजे माझी बायको, मागच्या अंगणात पाय पसरून बसायची आणि पोरीला पावलांवर बसवायची. पोरीचा त्यासाठी शब्दच होता, "पाय". पोटात कळ आली की "आजी, पाय" म्हणत लिलाबाईचं लुगडं ओढायची. सुनंदाच्या पायांवर बसायची नाही. आई सकाळी ड्युटीवर. जन्मापासून पोरीला आजीचेच पाय माहीत.

आणि त्या पायांचे गुडघे गेले होते. खाली बसायला लिलाबाईला बाजेचा आधार लागायचा आणि उठायला दोन माणसं. डॉक्टरने सांगितलं होतं, जमिनीवर बसणं बंद.

तरी ती साक्रीला जायला तयार होती. तिचं माहेर तिकडचं. तीस वर्षं रावेरात राहून तिने तिकडची बोली सोडलेली नाही, मी कितीदा टोकलं तरी. "मी जास ना पोरसंगे," ती म्हणाली. मीच नको म्हणालो. तिच्या गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण असं की ती गेली तर माझ्या भाकरी कोण थापणार? हे मी बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती, ती तीस वर्षं माझ्याबरोबर राहिलेली आहे.

तर हत्ती. सुजीला बसवलं. पोरगी पुढे झुकली, हत्तीने लगेच सोंड टेकली आणि पोरगी सोंडेवरून खाली. लागलं नाही, पण रडून घर डोक्यावर घेतलं. भाईदास म्हणाला, "तिला बरोबर बसता येत नाही." वा रे शहाण्या! नाचता येईना, अंगण वाकडं. मी हत्ती उचलला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून दिला.

"सुनंदे," मी म्हणालो, "आठ दिवस दे मले. हलनार नाही असं करून देतो."

खरं तर मला लाज वाटत होती. ज्या हाताने विहाराचा दरवाजा केला, त्या हाताने हगायची खुर्ची करायची! दुकानात कोणी आलं की मी तिच्यावर गोणपाट टाकायचो. पण करायची तर माझ्यासारखी करायची. जुनं सागवान होतं, ते काढलं. एकही खिळा न मारता सगळे सांधे बसवले. मागे टेकायला पाठ, दोन्ही बाजूंना हात, मध्ये गोल भोक, भोकाची कड गालासारखी गुळगुळीत. उंची चौदा इंच. चार पाय खाली फाकवलेले, हत्तीसारखे आत ओढलेले नाहीत.

लिलाबाई दारात उभी राहून बघत होती. "एक डाव तरी पोरले पायवर बसाडं का तुम्ही?" तिने विचारलं. "मंग काय बनाडतस?"

रंधा चालू असताना मी बायकांशी बोलत नाही.

आता, वस्तू बनवली की ती वजन घालून तपासावी लागते. हे भाईदासच्या कंपनीला माहीत नसेल, मला माहीत आहे. सुनंदाने दवाखान्यात सुजीचं वजन केलं होतं, साडेअकरा किलो. शेजारचा जीवराम पाटील केळीवाला. त्याचा माल त्या दिवशी ट्रकमध्ये भरला जात होता, तिथे खुर्ची घेऊन गेलो.

"एक घड दे, जीवरामभाऊ. साडेअकरा किलोचा."

"साडेअकराच कशाले?"

सांगितलं. त्याने एक घड काट्यावर ठेवला, मी त्याच्या दोन फण्या कापल्या आणि काटा बरोबर साडेअकरावर आणला. घड खुर्चीवर बसवला, सुतळीने पाठीला बांधला. मग मी खुर्ची हलवली. डावीकडून धक्का दिला, उजवीकडून दिला, शेवटी लाथ मारली. घड जागचा हलला नाही. ट्रक भरणारे हमाल थांबून बघत होते. मी म्हणालो, "याले म्हनतात काम."

जीवराम विडी ओढत म्हणाला, "ते खरं, मिस्त्री. पन घडाले परसाकडे लागत नाही."

हमाल हसले. केळीत जन्म गेलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची? मी खुर्ची उचलून घरी आणली.

संध्याकाळी सुजीला कळ आली. "आजी, पाय." लिलाबाईला मी जागची उठू दिली नाही. पोरीला उचललं आणि मोरीत ठेवलेल्या खुर्चीवर स्वतः बसवलं. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. हात खुर्चीच्या हातांपर्यंत पोचत नव्हते. तिने पाय आखडले, कुंथायला पुढे वाकली, काहीतरी धरायला हात पुढे टाकले. पुढे काही नव्हतं. खुर्चीचे मागचे दोन पाय उचलले गेले. मी धरायला वाकलो, पण पोरगी आधी पडली, आणि पाठोपाठ माझी सागवानी खुर्ची तिच्या अंगावर.

हनुवटीला दोन टाके पडले. टाके घालताना सुनंदानेच तिला धरलं. रात्रभर मी सांगत होतो की मोरीतली फरशी उताराची आहे, पातळीत नाही, बांधणारा गवंडी चोर होता.

माणूस शहाणा असता तर इथे थांबला असता. मी दुसरी केली. खाली बाभळीचं जड लाकूड घातलं, आणि पोरगी पुढे वाकूच नये म्हणून छातीवरून चामड्याचा पट्टा बसवला. पुन्हा तोच घड आणून ठेवला; तो एव्हाना पिवळा पडायला लागला होता. घड पुन्हा हलला नाही. पट्टा बघून लिलाबाईने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं, ती मी आजही विसरलो नाही.

"पोरले बांधशात?" ती म्हणाली. "बैल शे का ती?"

मी बांधलं. मला माझं काम सिद्ध करायचं होतं. पोरगी निळी पडेपर्यंत किंचाळली आणि मी पट्टा सोडला. त्यानंतर तिने पाच दिवस धरून ठेवलं. आजीच्या पायांवरसुद्धा बसेना. बसवलं की पट्टा येणार असं वाटून उठायची. पोट दगडासारखं झालं. पाचव्या दिवशी सुनंदाने स्वतःच्या लेकीला साबणाच्या पाण्याचा एनिमा दिला. चार बायांची बाळंतपणं एका रात्रीत करणारी माझी मुलगी, तिने नळी तीनदा धुतली.

नंतर ती माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, राहू द्या आता खुर्ची. मी नोकरीचा राजीनामा देते. तिकडे मी सकाळी पाड्यांवर निघून जाणार, आणि ही अशी धरून बसली तर कोण बघणार? एक दिवस आतडं फाटेल तिचं."

ती हे रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिला नर्सिंग मी दुकानावर कर्ज काढून शिकवलेलं. आमच्या वस्तीतली सरकारी नोकरी लागलेली पहिली मुलगी. आणि ती नोकरी सोडणार का, तर देवचंद मिस्त्रीला एक हगायची खुर्ची करता येत नाही म्हणून. जूनला पंधरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो नाही. मागच्या दाराशी राखेने दात घासत उभा होतो. लिलाबाई अंगणात आली. बाजेचा खूर धरून ती खाली बसायला लागली. किती वेळ लागला, ते मी पहिल्यांदा बघितलं. आधी एक गुडघा, मग हात, मग दुसरा गुडघा, ओठ दाताखाली. महिनोन्महिने रोज सकाळी ते कण्हणं मी आतून ऐकत होतो आणि मला ते बायकी सोंग वाटत होतं.

ती बसली, पाय लांब केले आणि नुसती वाट बघत राहिली. पोरीला हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने सुजी भिंतीच्या कडेकडेने आली, आजूबाजूला पट्टा नाही हे बघितलं, आणि आजीकडे तोंड करून तिच्या पावलांवर जाऊन बसली.

एरवी अशा वेळी मी तोंड फिरवून थुंकायचो. सुनंदाही अशीच बसलेली असणार, तिच्या पाठची माझी दोन्ही मुलंही. मी कधी बघितलं नाही. बायकांचा घाणेरडा कारभार, मिस्त्री माणसाने काय बघायचा! त्या दिवशी बघितला.

बसायची उंची चार बोटं, माझी चौदा इंच. पोरीची दोन्ही पावलं जमिनीवर घट्ट. गुडघे पोटाशी आलेले. आजीची पावलं टाचेला जवळ, पुढे फाकलेली, आणि मधल्या फटीतून खाली सगळं मोकळं. पोरगी कुंथताना पुढे वाकली, अगदी खुर्चीवर वाकली होती तशीच, आणि तिने आजीच्या नडग्या धरल्या. ती पुढे झुकली की तिला अडवायला अख्खी लिलाबाई. पडणार कशी? वाकणं ही चूक नव्हतीच. पोरगी वाकूनच हगते, सगळीच वाकून हगतात, मी सुद्धा. आणि मी तिला घडासारखी ताठ बसवून पाठीला टेकवत होतो.

लिलाबाई तोंडाने हळू "श्श, श्श" करत होती. पोरीचं झालं. माझ्या तोंडातली राख तशीच होती.

दुपारी मी एक फळी आणि पेन्सिल घेऊन लिलाबाईपुढे गेलो. "पाय ठेव याच्यावर. माप घ्यायचं शे," मी म्हणालो. तीस वर्षांत मी तिची बोली पहिल्यांदा बोललो, ती का ते मला माहीत नाही.

"मना पाय?" ती म्हणाली. "तीस वरीस व्हयनात. आज दिखनात का?"

तिने पाय ठेवले. मी पावलांभोवती पेन्सिल फिरवायला लागलो. टाचांच्या भेगांत शिसाचं टोक अडकत होतं. डाव्या पावलावर, बरोबर वरच्या उंचवट्यावर, एक आडवा पांढरा वण होता.

"हे कशानं?"

"तुमनी पटाशी," ती म्हणाली. "सुनंदाना वखतले. पोटुशी व्हतू मी, पेटी उचली."

मला आठवलं. पेटीतून पटाशी तिच्या पायावर पडली होती, आणि मी धावत जाऊन पटाशी उचलली होती. धारेला खोक पडली का ते बघायला. पाय मी बघितला नव्हता.

मी खाली मान घालून माप पूर्ण केलं. नडग्यांचा कल गुण्या लावून घेतला. दोन्ही टाचांमधलं अंतर, अंगठ्यांमधलं अंतर, सगळं लिहून घेतलं. तीन दिवसांत वस्तू झाली. दोन लांब फळ्या, टाचेकडे जवळ, बोटांकडे फाकलेल्या. त्यांच्यावर पावलाच्या उंचवट्यासारखे दोन गोलसर ठोकळे, मध्ये फट, फटीखाली सरकवायला जर्मनचं भांडं. पुढे नडग्यांच्या जागी दोन दांडे, वर आडवी काठी. आणि फळ्या त्या दांड्यांच्याही पुढे हातभर काढलेल्या, म्हणजे जितकी लिलाबाई नडग्यांच्या पलीकडे असते तितकं लाकूड. पट्टा नाही, पाठ नाही. दिसायला भिकार. विहाराच्या दरवाजाशेजारी ठेवलं तर कोणी म्हणणार नाही एकाच हातचं आहे.

घड आणायला मी गेलो नाही. तो जीवरामच्या शेडमागे काळा पडून होता, त्याच्यावर चिलटं बसत होती.

अंगणात, जिथे लिलाबाई बसायची बरोबर त्याच जागी, ते ठेवलं. सुजी दोन दिवस त्याच्या भोवती फिरली. तिसऱ्या सकाळी तिने ठोकळ्यांवर हात फिरवला, दांडे धरून बघितले. मग माझ्याकडे नाही, आजीकडे बघून म्हणाली, "आजी, पाय." लाकडाकडे बोट दाखवून. आणि बसली. वाकली. दांडे धरले. वस्तू हलली नाही. आत बाजेवर बसलेल्या लिलाबाईने "श्श, श्श" केलं. थोड्या वेळाने भांड्यात आवाज झाला आणि सुनंदा पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

त्यानंतर रोज. टाके निघाले, रक्त थांबलं. राजीनाम्याचा कागद सुनंदाने चुलीत घातला.

एकतीस मेला भाईदास दोघींना न्यायला आला. त्याने ती वस्तू बघितली, सुजीला तिच्यावर बसताना बघितलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. स्वतः अंगणात उकिडवा बसला, चहूबाजूंनी धक्के दिले. मग त्याने माझ्यासारखीच ती उलटी केली आणि खालून पाहिली. तेवढं एक त्याने शहाण्यासारखं केलं.

"आबा, हे कंपनीत दाखवतो मी," तो म्हणाला. "हत्ती बंद करायला लावतो. काय डोकं आहे! पुढचा भार कसा पेललाय!" त्याने तीनातलं एक पेन काढलं, वहीत नकाशा काढला, मापं घातली. लिलाबाई चहा घेऊन बाजेला धरून उभी होती.

"डिझाईन कोणाचं म्हणून लिहू?" भाईदासने विचारलं.

"माझं," मी म्हणालो. तोंडातून निघालंच. तीस वर्षांची सवय.

लिलाबाईने कप खाली ठेवला. "हां," ती म्हणाली. "पाय बी त्यासनाच शेतस."

पायही माझेच, असं ती म्हणाली हे भाईदासला कळलं नाही; ती बोली त्याला नीट येत नाही. तो सासूबाई काहीतरी गंमत करतात असं समजून हसला, आणि पेन सरसावून त्याने माझं पूर्ण नाव विचारलं.

मी सांगितलं.